गाव पळालेलं असताना

“हितं घंटी कुणाला वाजवायची ओ?” सुमित्राताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सायकलवरूनच वाजवली.

कुणाला, तर एका धनेश पक्ष्याला. तो उंबराच्या शेंड्यावरून भात्यासारखा आवाज करत उठला आणि खाली नदीकडे गेला. मग पुन्हा सगळं शांत. डाव्या हाताला कोरडा कालवा, उजव्या हाताला ऐन-किंजळाचं उतरतं रान, आणि रानाच्या तळाशी पाणेरी नदी, मधूनच दिसणारी, मधूनच लपणारी. सकाळपासून आम्हाला एकही गाडी भेटली नव्हती. भेटणारही नव्हती. या खोऱ्यात पाणी खेळवायचं असं कुणीतरी कधीतरी ठरवलं, कालवा खणला, कडेनं जीप जाण्यापुरता मुरमाचा रस्ता केला आणि मग काम थांबलं. पाणी आलं नाही म्हणून जीप आली नाही, जीप आली नाही म्हणून रस्ता टिकला. आमच्या कोल्हापूरच्या सायकल मंडळाला असल्या विसरलेल्या वाटा हुडकायचं व्यसन होतं. जुनी बैलगाडीची वाट, लाकडं ओढायची वाट, ही कालव्याची वाट, असं एकाला एक जोडत त्यांनी घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत दोन दिवसांचा मार्ग बसवला होता. त्यात हॉर्न ऐकू येईल असा एकही टप्पा ठेवला नव्हता.

“मागं बघायलाच लागत न्हाई,” सुमित्राताई म्हणाल्या. “आमच्याकडं उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला वाट देऊन देऊन माझं निम्मं आयुष्य गटारीत गेलं. आज मान सरळ हाय.”

या गोष्टीला आता तेरा-चौदा वर्षं होतील. सुमित्रा टिपुगडे म्हणजे रणधीरची आई, गडहिंग्लजच्या चटणी-कांडपवाल्या. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनी एकटीनं चालवली होती आणि गिऱ्हाइकांचे डबे सायकलवरून घरपोच केले होते. रणधीर म्हणजे माझ्या शाल्मलीनं स्वतःच पसंत केलेला मुलगा. येत्या रविवारी त्यांच्या घरी सुपारी फुटायची होती. आणि सुपारी फुटायच्या आत मला या बाईंना एक गोष्ट सांगायची होती.

शाल्मलीला फिट येते. अकरावीत पहिल्यांदा आली. गोळ्या चालू होत्या, त्यांनी गुण होता, दोन वर्षांत एकदाही आलेली नव्हती; पण ‘येणार नाही’ असं छातीवर हात ठेवून कुणी डॉक्टर म्हणत नव्हता. रणधीरला तिनं ओळखीच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. त्याच्या आईला सांगायचं राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं होतं. मागं एका ठिकाणी आम्ही फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून ‘कळवतो’ असं आलं होतं, ते अजून कळवतायत. त्या फोननंतर शाल्मली आठ दिवस हसली नव्हती. म्हणून या वेळी मी म्हटलं, मी सांगते, माणूस बघून सांगते.

“बघ बाई,” शाल्मली म्हणाली होती, “पण रविवारच्या आत. नाहीतर सुपारीच्या ताटासमोर उभी राहून मीच सांगणार.”

ती बोलेल तसं करणारी आहे. तेव्हा मला घाई होती.

मी जिल्ह्यातल्या पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात उमेदीची वर्षं घालवली. त्या धंद्यात एक कळतं, की कागद नंतर बघायचे, आधी माणूस बघायचा. आणि माणूस बघायचा तर त्याच्याबरोबर पोहे खाऊ नयेत, सायकल चालवावी. चढावर तो कुणाला बोल लावतो ते बघावं आणि उतारावर मागं वळून बघतो का ते बघावं. म्हणून मी सुमित्राताईंना फोन केला, “येणार का दोन दिवस?” मला वाटलं होतं नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “येतो की! सायकल काय तुमालाच येते व्हय?” आमच्याकडच्या जुन्या बायकांप्रमाणे त्या ‘मी येतो, मी जातो’च म्हणायच्या. माझी भाषा नोकरीनं धुऊन काढली. त्यांची कुणी धुतली नव्हती.

माझ्या सायकलीला एकवीस गिअर होते. त्यांच्या काळ्या जुन्या लेडीज सायकलीला एकही नव्हता. तरी प्रत्येक चढाच्या माथ्यावर त्या उतरून, पदर खोचून, माझी वाट बघत उभ्या असायच्या.

“तुमचं गिअर घरी ऱ्हायलं का ओ माणिकताई?”

मी दम खाऊन म्हणायची, “आहेत, पण जपून वापरते.”

“जपा, जपा. लेकीच्या लग्नाला लागतील.”

मी मनात टाचण करत होते. चढाला त्यांनी ना रस्त्याला बोल लावला, ना मला, ना त्या गंजक्या सायकलीला. हे जमेला. पण उतारावर त्या पाय पेडलवरून काढून, लुगड्याचा ओचा आवरून, पोरीसारख्या सुसाट सुटायच्या आणि मागं माणूस आहे की दरीत गेलंय हे एकदाही वळून बघायच्या नाहीत. हे नावे. शाल्मली मागं राहिली तर या बाई वळून बघतील का, असा माझा हिशेब चालला होता, आणि हिशेब पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी स्वतःला बजावत होते. सकाळी शेंगदाण्याचे लाडू खाताना सांगणार होते. मग ओढ्यात पाय सोडून बसलो तेव्हा सांगणार होते. दोन्ही वेळा मी हवामानावर बोलले.

दुपारी कालवा एका टेकडीपाशी अर्धवट संपला आणि रस्ता जंगलातून थेट खाली उतरू लागला. सुमित्राताई सुटल्या. मी सुटणार तोच माझी साखळी उतरली. मी हाका मारल्या. घंटीचा आवाज दूर दूर जात नाहीसा झाला.

साखळी चढवून, हात काळे करून मी खाली पोचले तेव्हा नदीकाठ आला होता. इथं वाट फुटत होती. डावीकडे झाडांमधून एका गावाची कौलं दिसत होती. उजवीकडे नदीवर साकव होता, लाकडी फळ्यांचा, माणूस नि सायकल जाईल एवढा. आमचा मार्ग साकवावरून होता. सुमित्राताई मात्र डावीकडून, गावातून, सायकल हातात धरून चालत येत होत्या. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता.

“अख्खं गाव मेलंय का ओ?” त्या म्हणाल्या. “म्हटलं तुमी येईपर्यंत पाणी मागावं कुणाकडं. एकेका दारात घंटी वाजवली. ‘कोण हाय का घरात’ म्हणून वरडलो. माणूस न्हाई. कुत्रं न्हाई. कोंबडं सुदीक न्हाई! गोठं रिकामं. दारं नुसती लोटल्याली. चुलीला हात लावून बघितला, गार.”

“मग?”

“मग काय, नदीकडच्या विहिरीवर गेलो, रहाट फिरवला, पोटभर पाणी प्यालो आणि आलो. पाणी गोड हाय हां.” त्यांनी मागं बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा. “पण अंगावर काटा आला. कोण न्हाई असं वाटतंय, आणि कोण तरी बघतंय असं पण वाटतंय.”

आम्ही सायकली हातात धरून साकव ओलांडला. पलीकडच्या बांबूंच्या बेटामागून माणसांचा गलका ऐकू आला, तोही भांडणाचा. वळून पुढे गेलो तर तिथं एक गावच वसलेलं. झावळ्यांच्या खोपी, तीन दगडांच्या चुली, दाव्याला बांधलेल्या म्हशी, डालग्यांखाली कोंबड्या, एका खोपीवर चक्क रेडिओ टांगलेला. आणि मधोमध पन्नासएक माणसं एका किरकोळ माणसाला घेरून उभी.

“मी नाय गेलंय!” तो किरकोळ माणूस ओरडत होता. “आवशीची शपथ! हयसरच निजलेलंय!”

“मगे रहाट काय भुतान फिरवल्यान?” एक म्हातारी त्याच्या अंगावर धावून गेली. “दुपारी करकर वाजलो तो सगळ्यांनी आयकलो! तुझी बाटली खंय पुरलेली असा ता गावाक म्हायत असा, बाबी!”

आम्हाला बघून ती गप्प झाली. डोक्याला पांढरं मुंडासं बांधलेले एक उंच, वाळलेले आजोबा पुढे आले.

“खंयसून इलात?”

“घाटावरून. सायकलनं,” मी म्हटलं. “हे काय चाललंय?”

“गावपळण,” ते म्हणाले. “आमचो हुंबरवणे गाव पळालेलो असा.”

त्यांचं नाव अप्पा घाडी. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी थोडक्यात सांगितलं ते असं. दर काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की सगळं गाव, तान्ह्या पोरापासून कोंबडीपर्यंत, घरं उघडी टाकून शिवेबाहेर येतं आणि तीन दिवस तीन रात्री रानात राहतं. त्या दिवसांत गाव देवाचं. तिथं माणसानं पाऊल टाकायचं नाही, आवाज करायचा नाही. आज तीन दिवस पुरे होत होते. थोड्या वेळात पुन्हा कौल लावायचा आणि उजवा मिळाला तर दिवे लागायच्या आत सगळ्यांनी घरी जायचं.

“मोठ्या रस्त्यार आडवो बांबू बांधलेलो असा,” अप्पा म्हणाले. “साकवाकडे माणूस बसयलेलो. पण तो जेवक गेलो, आणि नेमको तेव्हाच गावात रहाट वाजलो. कोण तरी शिरलो. कौलाच्या आधी शिरलो.”

कालव्याच्या बाजूनं कुणी येईल हे गावाच्या स्वप्नातही नव्हतं. ज्या रस्त्यानं वाहन येत नाही त्या रस्त्यानं माणूस तरी कशाला येईल?

मी सुमित्राताईंकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. तीस वर्षांच्या सवयीनं माझं डोकं आपोआप चालायला लागलं होतं. दोघी परक्या बायका. कुणी बघितलेलं नाही. साकवावर माणूस नव्हता. चहा घेतला, राम राम केला, की अर्ध्या तासात आपण पुढच्या वळणापलीकडे. बाबीनं यापूर्वी असं केलं असणार, म्हणूनच गाव त्याच्यावर उठलंय. त्याला चार शिव्या जास्त पडतील, त्याची त्याला सवय दिसते. माझा हात सुमित्राताईंच्या सायकलीच्या हँडलवर होता. तो मी जरा दाबला. अशा दाबण्याचा अर्थ जगातल्या सगळ्या बायकांना कळतो.

त्यांनाही कळला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हँडल माझ्याच हातात सोडून दिलं आणि पुढं गेल्या.

“अप्पा, त्येला सोडा,” त्या म्हणाल्या. “मी शिरलो हुतो.”

रेडिओ तेवढा वाजत राहिला. मग कुणीतरी तोही बंद केला.

“मला म्हाईत नव्हतं. पण शिरलो. घंटी वाजवली, वरडलो, चुलीला हात लावला, पाणी प्यालो. सगळं मीच केलं. त्या माणसाचा काय संबंध न्हाई.”

म्हातारीनं दोन्ही हात डोक्याला लावले. “अगो बाये! तुका दुसऱ्या गावची विहीर नाय गावली?”

ती शेवंताकाकी. तिच्या मागं खोपीच्या तोंडाशी तिची सून पाय पसरून बसली होती, दिवस भरत आलेले, कमरेखाली दुमडलेली गोधडी. गावातलं प्रत्येक माणूस घरी जायला आसुसलेलं होतं; पण सगळ्यांत जास्त ती सून. ती नुसती सुमित्राताईंकडे बघत राहिली, आणि तो बघण्याचा प्रकार शिव्यांपेक्षा वाईट होता.

“कौल लावूक होयो,” अप्पा म्हणाले. “देव काय सांगता बघू.”

शिवेवर, एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी, राखणदाराचा दगड होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अप्पांनी हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“बा राखणदारा म्हाराजा! तीन दिस तीन रात्री लेकरां तुझ्या शबुदार रानात ऱ्हवली. आज परकी बाय नकळत तुझ्या गावात शिरली, तहानेली होती, तुझा पाणी प्याली. लपवल्यान नाय, आपल्या तोंडान कबूल झाली. ही चूक पोटात घे आणि लेकरांका घराक जाऊचो हुकूम दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं. सुमित्राताईही म्हणाल्या. मीही म्हणाले; मला माझाच आवाज ऐकून आश्चर्य वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा नव्हता. मग डाव्या खांद्यावरची पाकळी हळूच सरकली आणि पडली.

माणसं एक मोठा श्वास सोडून खोपींकडे वळली. बांधलेली गाठोडी पुन्हा सुटायला लागली, विझवलेल्या चुलींत पुन्हा काटक्या गेल्या. आजची रात्र पुन्हा रानात. उद्या सकाळी पुन्हा कौल. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, घ्या! खरं बोलून काय मिळवलं? गप्प बसलो असतो तर ती सून आत्ता स्वतःच्या घरात पाठ टेकून पडली असती.

हे मी अप्पांना तोंडावरच विचारलं. रागानं नव्हे, पण माझ्या परीक्षकी आवाजात.

“आजोबा, आम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं नसतं का?”

अप्पा तंबाखू मळत होते. “आज बरा झाला असता,” ते म्हणाले. “घराक गेलो असतो. मगे उद्या कोणाचा गोरू मेला, परवा पोराक ताप इलो, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतलो. कोण शिरलेलो? बाबी? बाबीचो भाव? हिची सासू? पुढच्या पळणीपर्यंत बघीत ऱ्हवलो असतो.” त्यांनी तंबाखू तोंडात टाकला. “एक रात ती काय मोठी?”

सुमित्राताई तोवर शेवंताकाकीच्या खोपीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. “काकी, माझ्यामुळं ऱ्हायलात. तर आज मी पण हितंच ऱ्हातो,” त्या म्हणाल्या. “सुनंला काय लागलं तर मला हाक मारा. दोन बाळंतपणं बघितल्यात मी.”

“ऱ्हव तर,” काकी फणकाऱ्यानं म्हणाली. “पेज जरा ज्यास्त टाकतंय. पाणी मात्र नदीचाच पी.”

त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि ती सूनच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल उजवा मिळाला, गाव घरी गेलं आणि काकीची सून आठवड्यानं आपल्या माजघरात सुखरूप बाळंत झाली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण यापुढं गावाकडे माझं लक्ष राहणार नाही.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी नदीच्या वाळूत जाऊन बसलो. बाबी गवताचा भला मोठा भारा डोक्यावर घेऊन आला. आमच्या अंथरुणासाठी. भारा सुमित्राताईंच्या पुढ्यात टाकून तो तिथंच घुटमळला.

“बाये, तुझे उपकार झाले,” तो म्हणाला. “नायतर आज माका फोडून काढल्यानी असती. पण खरा सांगू?” त्यानं मागं बघून आवाज बारीक केला. “मी जाणारच होतंय. काळोख पडल्यार. बेत केलेलो.”

सुमित्राताई पोट धरून हसल्या. “मग जाऊ नका आता! माझ्या वाटणीचं मी भोगलं, तुमच्या वाटणीचं कोण भोगणार?”

तो गेल्यावर त्या बराच वेळ स्वतःशीच हसत होत्या. पाणी संथ होतं, पलीकडच्या काठावर झाडं काळी पडत चालली होती. आणि माझ्या ध्यानात आलं, की माझ्या टाचणाची पाटी कधीच पुसून गेलीय. या बाईचं जमेला काय आणि नावे काय हे बघायचं आता काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते माझ्याच पदरात. आणि ते माणूस बघून सांगायचंच नव्हतं. ते नुसतं सांगायचं होतं.

“सुमित्राताई, शाल्मलीला फिट येते.”

हसणं थांबलं.

“कधीपास्नं?”

“अकरावीपासून. गोळ्या चालू आहेत. दोन वर्षं आली नाही. पण येणारच नाही असं नाही.”

“रणधीरला ठावं हाय?”

“आधीपासून. तिनंच सांगितलं. तुम्हाला तोच सांगणार होता, मी थांबवलं. मी सांगते म्हटलं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, लुगडं सावरलं आणि पाण्याकडे चालत गेल्या. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. पाठ माझ्याकडे.

पाठी मला वाचता येत नाहीत. ‘कळवतो’ म्हणणारा तो फोनवरचा आवाज आठवला. शाल्मलीला घरी जाऊन काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागले. तेवढ्यात त्या परत आल्या आणि माझ्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

“आडव्या व्हा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आडव्या व्हा हितं वाळूत. फिट आली म्हणजे माणूस कसं पडतंय आणि काय करायचं ते मला दाखवा. नुसतं सांगून डोक्यात ऱ्हात न्हाई माझ्या. आमच्याकडं कुणाला आली की कांदा फोडून हुंगवत्यात, न्हाईतर चप्पल. मी चप्पलच शोधत बसलो असतो!”

“चप्पल नको,” मी म्हटलं. “तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, पाणी नाही. दाबून धरायचं नाही.”

“दाबायचं पण न्हाई? मग?”

“आधी घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. जवळपास लागण्यासारखं काही असेल ते बाजूला करायचं.”

“गिरणीत पट्टं हायत, मशीन हायत. एकटीला तिकडं बसवायचं न्हाई. चुलीपाशी?”

“एकटी असताना नको. बाकी सगळं करते ती.”

“करणारच की, पांगळी हाय व्हय ती? पुढं सांगा.”

मी वाळूत आडवी झाले. पन्नाशी उलटलेली, सायकलनं अंग आंबलेलं, साखळीच्या वंगणानं हात काळे. सुमित्राताई गुडघे टेकून बसल्या. मी सांगत गेले तसं त्यांनी माझा पदर दुमडून डोक्याखाली दिला, मानेपाशी काही आवळत नाही ना बघितलं, एक हात माझ्या खांद्याला, एक गुडघ्याला लावला, आणि चटणीचे डबे उचलून घट्ट झालेल्या त्या हातांनी मला इतकं अलगद डाव्या कुशीवर वळवलं, की क्षणभर मला मीच हलकी झाल्यासारखी वाटले.

“असं?”

“असं.”

“तोंड खाली, म्हणजे लाळ बाहेर येईल. श्वास मोकळा. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि शुद्धीवर आली की काय लागतं तिला?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा नाही. “काही नाही,” मी म्हटलं. “कुणीतरी जवळ बसलेलं लागतं. तिला थोडा वेळ काही आठवत नाही. लाज वाटते. तेव्हा नेहमीसारखं बोलत राहायचं.”

“त्ये मला जमंल,” सुमित्राताई म्हणाल्या.

खोपींकडून कुणीतरी धावत आलं. बायकांतली एक वाळूत पडलीय आणि दुसरी तिला उलथीपालथी करतेय हे शेवंताकाकीनं बघितलं होतं. मागून बाबी, त्याच्यामागून अप्पा.

“काय झाला? काय झाला गो हिका?”

सुमित्राताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. त्या माझा वरचा गुडघा पुढं घेऊन नीट टेकवत होत्या.

“काय न्हाई ओ काकी. आमच्या सुनंला कसं जपायचं ते शिकतोय.”

काकी थबकली. मग खाली वाकली, माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि तीही वाळूत फतकल मारून बसली. अप्पा उभेच राहिले.

मी उठायला हाताचा टेका घेतला. डोळ्यांतलं पाणी वाळूत चाललं होतं, ते पुसायचं होतं. सुमित्राताईंनी माझा खांदा धरून मला परत खाली निजवलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “पालथी पडली असली तर कसं वळवायचं, ते ऱ्हायलं.”